फुकटाचें मोल

बोलणें हाच ज्याचा जन्माचा व्यवसाय, त्याला बोलण्याची भीति वाटावी हें चमत्कारिक दिसतें. परंतु ती भीति मीं गेल्या हिवाळ्यांत अनुभवली. पस्तीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत शिकविलें. वर्गांत बोलणाऱ्याला एक मोठी सोय असते. समोर चाळीस चेहरे असतात, आणि वाक्य अर्धें झालें न झालें तोंच तें कोणाला उमगलें व कोणाच्या डोक्यावरून गेलें हें त्याला दिसतें. विषय अपुरा राहिला तर दुसऱ्या दिवशीं पुरा करतां येतो. टेलिव्हिजनवरील थेट मुलाखतींत यांपैकीं कांहींच नाहीं. तेथें श्रोता दिसत नाहीं, आणि दुसरा दिवस तर मुळींच नाहीं. जें तोंडांतून गेलें तें त्याच क्षणीं गांवोगांवच्या घरांत पोंचलें. अशा ठिकाणीं जाऊन समाजमाध्यमांच्या धंद्याविषयीं सात मिनिटें बोलण्याचा प्रसंग माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या व पाठशाळेंत वाढलेल्या माणसावर कसा आला, आणि त्यांतून काय निष्पन्न झालें, हें वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

आमच्या महालांतील एका वाचनालयांत मी दर रविवारीं सकाळीं वर्ग घेतों. विद्यार्थी सगळे साठीच्या पुढचे. कोणी पेन्शनर, कोणी दुकान मुलांवर सोंपवून मोकळे झालेले, कांहीं आजीबाई. मोबाईलवर आलेला मजकूर खरा कीं खोटा हें कसें पाहावें, बँकेचा गुप्त आंकडा कोणालाहि कां सांगूं नये, अनोळखी माणसानें पाठविलेल्या पत्त्यावर बोट कां ठेवूं नये, एवढाच आमचा अभ्यासक्रम. हा वर्ग ठाऊक असलेला माझा एक जुना विद्यार्थी एका मराठी वृत्तवाहिनींत नोकरीस आहे. ऑस्ट्रेलियांत १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक इत्यादि माध्यमांवर खातें ठेवण्याची बंदी झाली. त्या कायद्यांत मुलांना किंवा आईबापांना दंड नाहीं. तो कंपन्यांना आहे, व ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाऊं शकतो. त्या निमित्तानें या वाहिनीनें चर्चा योजिली होती. वकील व डॉक्टर त्यांना मिळाले होते. "सर, घरांतला एक वडीलधारा माणूस पाहिजे, आणि हा धंदा चालतो कसा हें साध्या भाषेंत सांगणारा पाहिजे," असा त्याचा निरोप आला.

निरोप वाचून घरांत जी चर्चा झाली ती वाहिनीवरच्या चर्चेहून कठीण होती. त्याचें कारण सांगितलें पाहिजे. आमचें कुटुंब एकत्र आहे. धाकट्या भावाचें व माझें मिळून अकरा माणसांचें. भावाचा मुलगा माडीवरच्या दोन खोल्यांत चार सहकारी घेऊन हाच धंदा करतो. साडीवाले, संत्रा-बर्फीवाले, शिकवणीचे क्लासवाले अशा गिऱ्हाइकांच्या जाहिराती तयार करून त्या फेसबुक व इन्स्टाग्रामवर लावून देणें हें त्याचें काम. दोन वर्षांपूर्वीं भावाच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तिचा मोठा खर्च त्याच मिळकतींतून भागला. माझें पेन्शन आहे, नाहीं असें नाहीं. पण ज्या ताटांत मी जेवतों त्यांतला कांहीं भात त्या माडीवरून येतो, ही गोष्ट मी जाणून आहें. आतां चव्हाट्यावर उभें राहून त्या धंद्याविषयीं बोलावयाचें, तें काय?

भाऊ म्हणाला, "दादा, घरची गोष्ट जगापुढें कशाला? तब्येतीचें कारण सांगून नाहीं म्हणून टाक." आमच्या सौ.नीं भाजी निवडतां निवडतां एवढेंच सांगितलें, "जायचें असेल तर खरें तें बोला, नाहीं तर जाऊं नका." ज्याच्याविषयीं हा खल चालला होता तो पुतण्या मात्र हंसत म्हणाला, "मोठे काका, तुम्ही जाच. फक्त धंदा समजून न घेतां जाऊं नका. वाईट म्हणायचें तर नीट समजून म्हणा." आणि त्यानें दोन संध्याकाळीं मला आपल्या खोलींत समोर बसवून शिकविलें. या मुलाला मीं शब्दरूपावलि पाठ करविली होती. आतां खडू त्याच्या हातांत होता.

पहिला धडा लिलावाचा. समजा, बर्डीवरील एका साडीच्या दुकानदारास संक्रांतीपूर्वीं गिऱ्हाईक पाहिजे आहे. तो यंत्राला सांगतो: पंचवीस ते पन्नास वर्षांच्या स्त्रिया, दुकानापासून दहा किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्या, अलीकडे लग्नकार्याच्या कपड्यांत ज्यांनीं रस दाखविला अशा, रोजचा खर्च पांचशें रुपये. इकडे धरमपेठेंत एखादी गृहिणी दुपारचीं भांडीं आवरून मोबाईल उघडते. पापणी लवण्याच्या आंत तिच्या पडद्यावरील एका जागेसाठीं लिलाव होतो. साडीवाला, दागिनेवाला, विमेवाला, शिकवणीवाला असे अनेक जण त्यांत असतात. जास्त बोली लावणारा जिंकतोच असें नाहीं. कोणती जाहिरात पाहून ही बाई थांबेल याचाहि अंदाज यंत्र करतें, आणि बोली व अंदाज यांचा मेळ घालून एकास जागा देतें. या लिलावांत हातोडा नाहीं, ओरडणारा नाहीं. आणि जिच्या नजरेचा लिलाव चालला आहे तिला त्याची दादहि नसते.

दुसरा धडा माझा एक गैरसमज दूर करणारा होता. 'कंपन्या आपली माहिती विकतात' असें आपण सर्रास म्हणतों. पुतण्यानें आपला पडदा उघडून दाखविला. दुकानदाराच्या हातीं त्या गृहिणीचें नांव येत नाहीं, पत्ता येत नाहीं. जाहिरात किती जणींनीं पाहिली, किती थांबल्या, किती जणींनीं विचारणा केली, एवढे आंकडे येतात. माहिती कंपनी आपल्यापाशींच ठेवते. ती तिची शेती आहे, आणि शेत कोणी विकत नाहीं. विकावयाचें तें पीक. त्या माहितीच्या आधारानें मोजलेलें माणसाचें अवधान हें तें पीक होय. मेटा या कंपनीच्या मालकीचीं फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप हीं तिन्ही. तिचें २०२४ सालचें उत्पन्न सुमारें १६,४०० कोटी डॉलर होतें, आणि त्यांपैकीं सुमारें १६,००० कोटी केवळ जाहिरातींचे. म्हणजे रुपयांतले सत्त्याण्णव पैसे.

तिसरा धडा त्यांतूनच निघाला. अवधान हेंच पीक म्हटल्यावर माणूस जितका वेळ पडद्यापुढें बसेल तितक्या जागा लिलावास मिळणार. मग त्याला बसवून ठेवील असा मजकूर यंत्र पुढें करणार. माणसाला बसवून ठेवणाऱ्या गोष्टी कोणत्या, हें यंत्राला कोणी शिकवावें लागत नाहीं. तें फक्त पाहतें, आणि भय, संताप व स्वतःची स्तुति यांपाशीं माणूस रेंगाळतो असें त्याला आढळतें. कोणी दुष्टपणानें ठरविलें म्हणून हें होतें असें नाहीं. पाणी उताराकडे वाहतें तसें तें होतें. "म्हणून काका, 'मालक राक्षस आहेत' असें म्हणूं नका, उतार कोणी बांधला तें विचारा," असें माझ्या गुरूनें मला बजावलें.

या ठिकाणीं एखादा वाचक म्हणेल, जाहिरातींवर चालणें यांत नवें तें काय? वृत्तपत्रें व मासिकेंहि तशींच चालत आलीं आहेत. आक्षेप रास्त आहे. १९४८ सालीं नागपुरांत आकाशवाणीचें केंद्र निघालें. माझ्या लहानपणीं घरीं रेडिओ असे, त्याला परवाना लागे, आणि त्याची फी वडील टपाल कचेरींत जाऊन भरीत. याचे पैसे कोण देतो हें त्या परवान्यावरच लिहिलेलें असे. पुढें १ नोव्हेंबर १९६७ रोजीं विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि त्या आरंभीं मुंबई, पुणें व नागपूर येथेंच झाल्या. म्हणजे या विद्येची ओळख आमच्या गांवाला पूर्वींपासून आहे. परंतु त्या रेडिओवरची जाहिरात माडीवरून तळघरापर्यंत सर्वांना एकच ऐकूं येई. ती आमच्याकडे पाहत नसे. आजची जाहिरात आपल्याकडे पाहते. आमच्या घरांत अकरा माणसें आहेत, आणि एकाच पंक्तीला बसलेल्या या अकरा माणसांना अकरा निराळीं जगें दिसतात. शेजारच्या ताटांत काय वाढलें आहे हें कोणासच कळत नाहीं. फरक आहे तो एवढा, आणि तो लहान नाहीं.

तयारीच्या त्या दिवसांत मला एका वृद्ध गृहस्थांची मोठी आठवण होई. १० एप्रिल २०१८ रोजीं फेसबुकचे संस्थापक झुकेरबर्ग यांची अमेरिकेच्या सिनेटरांपुढें चौकशी झाली, आणि ती जगभर थेट दाखविली गेली. लक्षावधि लोकांची माहिती केंब्रिज ॲनालिटिका नांवाच्या कंपनीच्या हातीं कशी गेली, हा तिचा विषय. ऑरिन हॅच नांवाच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या सिनेटरांनीं विचारलें, कीं लोक तुम्हांला कांहींच देत नाहींत तर तुमचा धंदा चालतो कसा? आम्ही जाहिराती दाखवितों, असें त्या तरुणानें उत्तर दिलें. म्हाताऱ्याला एवढेंहि ठाऊक नाहीं म्हणून पुष्कळ लोक त्या प्रश्नाला हंसले. मला मात्र वाटतें कीं त्या दिवसाचा मुद्द्याचा प्रश्न तोच होता. फुकट मिळणाऱ्या वस्तूचे पैसे कोण देतो, हें विचारण्यास लाजूं नये. आपल्या घरांत आजीबाई पाहुण्यानें आणलेल्या पेढ्यांच्या पुड्याकडे पाहून हेंच विचारीत असत: "कशाबद्दल हो?"

मुलाखतीचा दिवस उजाडला. बारीक रेघांचा सदरा कॅमेऱ्यांत थरथरल्यासारखा दिसतो, म्हणून साधा सदरा घाला अशी सूचना आदल्या दिवशींच आली होती. वाहिनीच्या येथील कार्यालयांतील एका लहानशा खोलींत मला बसविलें, तोंडावरून पावडरचा हात फिरविला, कानांत इअरफोन घातला. मीं मनाशीं चित्र काढलें होतें कीं समोर कोणी बसेल व प्रश्न विचारील. समोर कोणीच नव्हतें. निवेदिका मुंबईस, ती मला दिसत नव्हती, तिचा आवाज तेवढा कानांत येत होता, आणि तोहि क्षणभर उशिरा. त्या क्षणभरामुळें घाईनें बोलणाऱ्याचें व विचारणाऱ्याचें बोलणें एकमेकांवर आपटतें. "प्रश्न संपल्यावर मनांत एक आंकडा मोजा आणि मग बोला, पाहायचें तें फक्त त्या काळ्या भिंगांत," असें कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलानें सांगितलें. पस्तीस वर्षें चेहरे पाहून बोलणाऱ्यानें एका काळ्या भोंकाकडे पाहून बोलावयाचें होतें! मीं मनांत ठरविलें कीं त्या भिंगामागें आमच्या रविवारच्या वर्गांतील आजीबाई बसल्या आहेत असें समजावें. त्यानें आवाज ताळ्यावर आला.

पहिला प्रश्न धंद्याचाच होता. मीं साडीवाल्याचा लिलाव सांगितला. तो तीन वाक्यांत बसला, कारण पुतण्यानें तो तीन वाक्यांत बसवून घेतला होता. दुसरा प्रश्न आला: "सर, पण लोकांना सगळें फुकट मिळतें ना? मग तक्रार कशाची?"

या प्रश्नाचें उत्तर मीं धुळें जिल्ह्यांतून दिलें. १ जुलै २०१८ रोजीं साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें नाथपंथी डवरी गोसावी समाजाचीं पांच माणसें जमावानें ठेंचून मारलीं. भिक्षेकरितां गांवोगांव हिंडणारीं हीं माणसें. मुलें पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून फिरत होती, आणि तिच्यावरून लोकांनीं त्यांना टोळी ठरविलें. तेथें जाहिरात नव्हती, लिलावहि नव्हता. तेथें फुकट होतें तें मजकूर पुढें ढकलणें. हें व्हॉट्सॲप २००९ सालीं निघालें. पहिल्या वर्षानंतर वर्षाला एक डॉलर अशी त्याची नाममात्र वर्गणी असे. २०१४ सालीं तें सुमारें १,९०० कोटी डॉलरांस फेसबुकनें घेण्याचें ठरविलें, आणि जानेवारी २०१६ मध्यें ती वर्गणीहि गेली. एक खोटी बातमी शंभर घरीं पाठविण्यास पैसा पडत नाहीं, श्रम पडत नाहींत, पत्ता लिहावा लागत नाहीं, तोंडहि दाखवावें लागत नाहीं. पाठविणाऱ्याला फुकट पडलें; त्याचें मोल राईनपाड्यांत पांच जणांनीं दिलें. त्याच महिन्यांत कंपनीनें हिंदुस्थानांत एक मजकूर एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पाठवितां येऊं नये अशी मर्यादा घातली. म्हणजे फुकटाला थोडें श्रमाचें मोल लावलें. तें आधींहि लावतां आलें असतें, एवढेंच मीं म्हटलें.

मग तो प्रश्न आला, ज्याची मला दोन दिवस धास्ती होती. निवेदिकेनें गोड आवाजांत विचारलें, "म्हणजे हा धंदा वाईटच म्हणायचा ना, सर? तुमच्या घरच्या मुलाला तुम्ही तो करूं द्याल का?"

मनांत एक आंकडा मोजण्याची ती सूचना तेव्हां कामास आली. मीं उत्तर दिलें तें असें: "माझ्या नातवंडांच्या नजरेचा येथें लिलाव होतो, हें मला आवडत नाहीं. पण हाच धंदा माझा पुतण्या माझ्याच घरांत करतो, आणि त्याच्या मिळकतीचें अन्न मी खातों. तेव्हां धंद्याला वाईट म्हणून मी बाजूला होऊं शकत नाहीं. जाहिरात नसती तर लहान दुकानदाराला व विणकराला गिऱ्हाईक कोठून मिळालें असतें? माझें म्हणणें एवढेंच, कीं माप कोणाच्या हातांत आहे तें लोकांना कळावें, आणि लहान मुलांना त्या मापांत घालूं नये." कानांत क्षणभर शांतता झाली. नंतर निवेदिकेनें आभार मानले व ती वकिलांकडे वळली. सात मिनिटें संपलीं होतीं.

घरीं आलों तेव्हां सगळे दिवाणखान्यांत बसले होते. भाऊ कांहीं बोलला नाहीं. त्यानें फक्त माझ्याकडे पाण्याचा तांब्या सरकविला. पुतण्या म्हणाला, "काका, 'अन्न खातों' हें बोलायची गरज नव्हती." मीं म्हटलें, "होती." तेवढ्यावर तो विषय थांबला असता; परंतु धंद्याचा चौथा धडा अजून राहिला होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप-मंडळांत माझेंच चित्र आलें. बारा सेकंदांचा एक तुकडा. त्यांत मी म्हणत होतों, "माझ्या नातवंडांच्या नजरेचा येथें लिलाव होतो, हें मला आवडत नाहीं." तेथें तो संपत होता. वर मोठ्या अक्षरांत 'निवृत्त गुरुजींचा संताप' असें कांहींसें लिहिलें होतें. तर्कसंग्रह शिकतांना आम्हांला सांगितलें होतें, कीं वाक्यापासून अर्थ निघावयाचा तर आकांक्षा, योग्यता व सन्निधि या तीन गोष्टी लागतात. पदांना एकमेकांची अपेक्षा असली पाहिजे, त्यांच्या अर्थांचा मेळ बसला पाहिजे, आणि तीं जवळजवळ उच्चारलेलीं असलीं पाहिजेत. एक पद आतां व दुसरें एका प्रहरानें उच्चारलें तर अर्थबोध होत नाहीं. माझ्या पहिल्या वाक्यांत खोटा शब्द एकहि नव्हता. कापला गेला होता तो 'पण'. सन्निधि गेली, आणि खऱ्या शब्दांचा खोटा अर्थ उभा राहिला. आणि कापणाऱ्यानें तरी तेवढाच तुकडा कां निवडावा? कारण संतापापाशीं लोक रेंगाळतात. तिसऱ्या धड्यांत सांगितलेला उतार तो हाच.

त्या तुकड्याचा परिणाम माडीवर झाला. पुतण्याच्या एका गिऱ्हाइकानें, एका शिकवणी-वर्गाच्या चालकांनीं, त्याला फोन करून विचारलें, "तुमचे काका टीव्हीवर तुमच्याच धंद्याला शिव्या देतात, मग आम्हीं पैसे कशाला द्यावेत?" पुतण्यानें पूर्ण मुलाखत त्यांना पाठविली. त्यांनीं ती पाहिली कीं नाहीं, देव जाणे; पुढच्या महिन्यापासून त्यांचें काम आलें नाहीं. महिन्याच्या मिळकतींतला तो लहान भाग नव्हता. मला हें त्यानें सांगितलें नाहीं, वहिनींकडून कळलें.

त्या रात्रीं मी माडीवर गेलों. काय बोलावें हें मला सुचत नव्हतें. तोच म्हणाला, "काका, त्यापेक्षां मोठें काम मीं स्वतः दोनदां सोडलें आहे." पैसे लावून खेळावयाच्या मोबाईलवरील खेळांच्या जाहिराती त्याच्याकडे आल्या होत्या, दर चांगला होता, आणि तेव्हां त्यांवर देशव्यापी बंदीहि नव्हती, ती ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानें आली. त्यानें त्या घेतल्या नव्हत्या. मीं विचारलें, "कां रे?" तो म्हणाला, "त्या कोणाला दाखवायच्या, तें यादीवर मलाच भरायचें होतें. अठरा ते पंचवीस वर्षांचे मुलगे. आपल्या घरांतच असे दोन आहेत." इतकी वर्षें एका छपराखालीं राहून हें मला ठाऊक नव्हतें. ज्या प्रश्नाचें उत्तर मीं देशापुढें देण्यास गेलों होतों, त्याचें उत्तर हा मुलगा माडीवर बसून, कोणी न विचारतां, आधींच देऊन चुकला होता.

परंतु चांगल्या पुतण्यांवर भरंवसा ठेवून जग चालत नाहीं. त्याला मर्यादाहि लागतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें निर्णय दिला, कीं खासगी आयुष्य जपण्याचा अधिकार हा राज्यघटनेनें दिलेला मूलभूत अधिकार आहे. त्या नवांत आमच्या नागपूरचे न्यायमूर्ति शरद बोबडे होते, हें येथें अभिमानानें सांगावेंसें वाटतें. पुढें २०१९ सालीं ते सरन्यायाधीश झाले. त्या निर्णयाच्या पाठोपाठ २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें त्याचे नियम निघाले; ते टप्प्याटप्प्यानें लागू व्हावयाचे आहेत. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यावयाची तर पालकांची खात्रीलायक संमति पाहिजे, व मुलाच्या वागण्यावर पाळत ठेवून त्याला जाहिराती दाखवूं नयेत, असें तो कायदा सांगतो. ऑस्ट्रेलियानें दार बंद केलें. आपण दारावर पालकाला बसविलें आहे. कोणता मार्ग बरा हें काळ ठरवील. मात्र दारावर बसलेल्या पालकालाच आंत काय चालतें हें ठाऊक नसेल, तर त्याची संमति म्हणजे नुसता अंगठा होय.

यासाठीं प्रत्येक घरांत करतां येण्याजोगी एक सोपी गोष्ट वाचकांस सुचवितों. फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली कीं तिच्या कोंपऱ्यांत तीन टिंबें असतात. त्यांवर बोट ठेवलें असतां 'ही जाहिरात मला कां दिसते' असें विचारण्याची सोय निघते. तेथें आपलें वय, आपलें गांव, आपण काय काय पाहिलें, यांपैकीं कशावरून आपली निवड झाली याचीं कांहीं कारणें दिलेलीं असतात. सगळीं नसतात, पण मुलाबाळांसह एकदां तें वाचून पाहावें. पडदा आपल्याकडे पाहतो ही गोष्ट दहा व्याख्यानांनीं पटत नाहीं, ती तेवढ्यानें पटते.

आमच्या रविवारच्या वर्गांत हा पाठ मीं घेतला, तेव्हां एका आजीबाईंना गुडघ्याच्या तेलाची जाहिरात कां दिसते याचीं कारणें वाचून दाखविलीं. त्या म्हणाल्या, "अगबाई, गुडघे दुखतात हें मीं सुनेलाहि सांगितलें नव्हतें!" सगळा वर्ग हंसला; पण हंसूं ओसरल्यावर पुष्कळ वेळ कोणी बोललें नाहीं. हल्लीं महिन्याच्या पहिल्या रविवारीं हा वर्ग माझा पुतण्या घेतो. जाहिरात लावणाऱ्याचा पडदा आंतून कसा दिसतो, वय कोठें भरतात, गांव कोठें भरतात, पैसे कोठें भरतात, तें तो उघडून दाखवितो. या शिकवण्याचे पैसे तो घेत नाहीं. पहिल्याच दिवशीं पाठीमागच्या बाकावरून एका पेन्शनर गृहस्थांनीं त्याला विचारलें, "मग हें तुम्ही फुकट कां शिकवतां?" प्रश्न ऐकून वर्गाचें शिक्षण बरें चाललें आहे अशी माझी खात्री झाली.